कन्व्हर्टर झकास, पण अर्थाचा अनर्थ : जुन्या ट्रेलरमधल्या नव्या कन्व्हर्टरचा पाच महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकतो, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढे वाचायला नको. कन्व्हर्टरला चार. त्याच्यासोबत आलेल्या मॅन्युअलला एक. पहिल्या वायरमनला शून्य, कारण मायनस द्यायची सोय नाही. आणि गोव्यातल्या मालीम जेटीवर ट्रॉलरांची, म्हणजे मासेमारीच्या बोटींची, वायरिंग करणाऱ्या काकांना पाचात पाच, सहावा मागितला असता तर तोही दिला असता.

आता सविस्तर. आमचा ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची खोली, मूळचा अमेरिकेतला, १९७४ सालचा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड, एक सिंक, दोन बाकडी ज्यांचा रात्री पलंग होतो. शिवोलीच्या एका तारवटी माणसाने जहाजावरची नोकरी संपवून येताना हौसेने आणलेला, आणि मग हौस फिटल्यावर पंधरा वर्षं त्याच्या माडांखाली पडून, आत कोंबड्या अंडी घालायच्या. मी घेतला तो काही रस्त्यावर फिरवायला नाही. कोरगावात घरामागे काजूच्या बागेत चार चिऱ्यांवर टेकवून उभा केलाय, पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे येतात, दोन रात्री राहतात, फोटो काढतात, खूश होऊन जातात.

कन्व्हर्टर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मी जिथे जिथे विचारलं तिथे समोरच्याने इन्व्हर्टरच दाखवला. इन्व्हर्टर बॅटरीच्या बारा व्होल्टचे २३० करतो, हा नेमका उलटा, बाहेरून येणाऱ्या लाइनचे बारा व्होल्ट डीसी करतो, त्यावर आतले दिवे, पाण्याचा पंप आणि पंखा चालतो आणि शिवाय बॅटरी चार्ज होते. ट्रेलरमधला मूळ कन्व्हर्टर अमेरिकन म्हणजे १२० व्होल्टवाला, त्यासाठी बाहेर एक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ठेवलेला, आणि कन्व्हर्टरच्या पोटातही लोखंडी ट्रान्सफॉर्मरच, रात्रभर पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसा घुमायचा. त्याला बॅटरी भरली की थांबावं ही अक्कलच नव्हती. एकच व्होल्टेज देत राहायचा, बॅटरीतलं पाणी उकळून जायचं, दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर ओता. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या खाल्ल्यान.

म्हणून एप्रिलमध्ये नवीन मागवला. २३० व्होल्टवर चालणारा, ४५ ॲम्पियरचा, आत ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सर्किट, त्यामुळे वजन जुन्याच्या पाव सुद्धा नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एक तर पुढे तक्रार आहे आणि दुसरं म्हणजे पेटी उघडल्यावर माझ्या लक्षात आलं की हेच यंत्र तीन वेगवेगळ्या स्टिकरांखाली विकलं जातंय. तीन टप्प्यांत चार्ज करतो : बॅटरी उतरलेली असली की १४.४ व्होल्ट, नेहमीच्या वापरात १३.६, आणि पाहुणे नसताना नुसती उभी असली की १३.२ वर येऊन बसतो. मी मीटर लावून तिन्ही बघितलं, बरोबर येतात. पाच महिन्यांत बॅटरीत एकदाच पाणी घातलं, तेही थोडंच. पैसे वसूल.

स्टार एक का कापला? पंखा. लोड वाढला की पंखा फिरतो ते ठीक, पण बाकड्याखाली बसवला तर झोपणाऱ्याच्या कानाखालीच. कोल्हापूरच्या एका काकूंनी सकाळी चहा पिताना विचारलं, रात्री कुणी हेअर ड्रायर लावत होतं का. एवढंच. बाकी यंत्राला नाव ठेवायला जागा नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. यंत्राच्या पाठीमागे डबीला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या खोक्याला, एक पितळी लग असतो, वायर आवळून धरायचा, मोठ्या स्क्रूचा, कुठल्याही टर्मिनलला न जोडलेला, एकटाच. मॅन्युअलमध्ये त्याच्याबद्दल एक ओळ आहे, चेसिसला, म्हणजे ट्रेलरखालच्या लोखंडी सांगाड्याला, बाँड करा म्हणून. का करा, कुठल्या वायरने करा, नाही केलं तर काय, काही नाही. त्याच मॅन्युअलमध्ये वॉरंटी कार्ड कसं भरायचं ते दोन पानांवर आहे.

पहिला वायरमन जवळचाच, घरांची वायरिंग करणारा. माणूस वाईट नाही, कामाला उरकही भारी, पण ट्रेलर त्याने आयुष्यात पाहिलेला नव्हता आणि ते त्याने कबूल केलं नाही. तिथेच मी थांबवायला हवं होतं.

घोटाळा काळ्या वायरने केला. आपल्याकडे घरात काळी म्हणजे न्यूट्रल, गाडीत काळी म्हणजे निगेटिव्ह, लहान पोरालाही माहीत. अमेरिकन ट्रेलरात दोन्हीकडे उलटं. एसीमध्ये काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, आणि अर्थ हिरवी किंवा नुसती उघडी तांब्याची तार. बारा व्होल्टच्या बाजूलाही काळी म्हणजे पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. म्हणजे एका भोकातून दोन काळ्या, दोन पांढऱ्या बाहेर येतात, त्यातली एक जोडी २३० ची आणि एक जोडी बाराची, आणि आपला माणूस बघताक्षणी दोन्ही काळ्या चुकीच्या समजतो. या भाऊने तेच केलं. बॅटरी उलटी जोडली, फट्ट असा आवाज आला आणि कन्व्हर्टरचे दोन्ही ३० ॲम्पियरचे हिरवे ब्लेड फ्यूज उडाले. ते त्याच कामासाठी दिलेले असतात म्हणून यंत्र वाचलं. म्हापशाला जाऊन गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानातून फ्यूज आणले, वीस रुपयांत सुटलो. पण एसीच्या बाजूला तीच चूक झाली तिथे काही फट्ट झालं नाही, दिवे लागले, पंखा फिरला, सगळे खूश. फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झालेत हे दिव्याला थोडंच कळतं. पण जुन्या पॅनलमधले ब्रेकर सिंगल पोल, म्हणजे दोनातली एकच वायर तोडणारे, ते आता न्यूट्रल तोडत होते, म्हणजे ब्रेकर पाडून कुणी सॉकेट उघडला असता तर आत फेज जिवंत.

आणि लग? जुन्या कन्व्हर्टरच्या लगाला एक जाड उघडी तांब्याची तार होती, खाली फ्लोअरमधून चेसिसला गेलेली. भाऊ म्हणाला, ही जास्तीची आहे, हिरवी वायर आहे ना अर्थला, परत ही कशाला. कापली आणि गुंडाळून खिशात घातली. तांब्याला भाव चांगला आहे हो.

मे महिना कोरडा गेला, काही कळलं नाही. लाकडी पायरी, पायात चपला, जमीन भाजून निघालेली. मग मिरगाचा पाऊस आला. सगळ्यात आधी कळलं आमच्या कुत्र्याला, तो ट्रेलरच्या सावलीत झोपायचा, तो एकाएकी पायरीकडे फिरकेना. मला वाटलं साप असेल. दोन दिवसांनी मी चिखलात अनवाणी उभा राहून दाराच्या कडीला हात लावला आणि कोपरापर्यंत मुंग्या. झटका नाही, मुंग्या, बधिर झालेला पाय जागा होताना येतात ना तशा. बायकोला म्हटलं बघ गं जरा, ती म्हणाली तूच बघ.

मीटर लावला. पत्रा आणि ओली जमीन यांच्यामध्ये ११२ व्होल्ट.

भाऊला परत बोलावलं. टेस्टर पत्र्याला लावला, पेटला. त्याने व्हरांड्यातला सॉकेट उघडला, पाच मिनिटं काहीतरी केलं, परत टेस्टर लावला, विझला. दोनशे रुपये घेऊन गेला. मुंग्या गेल्या, मी पण समाधानी. काय केलं ते विचारलं नाही, हा माझा गाढवपणा.

मालीमच्या काकांचा नंबर एका ओळखीच्या ट्रॉलरवाल्याकडून मिळाला, दुसऱ्याच कामासाठी फोन केलेला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळ्या बोटी धक्क्याला लागलेल्या, म्हणजे काकांचा खरा सीझन तोच. तरी एका रविवारी आले, छत्री काखेत, हातात टिफिनच्या डब्याएवढी हत्यारांची पेटी. बोटीवरचा माणूस का, तर बोट म्हणजे ट्रेलरच की, बॅटरी आहे, धक्क्यावरून लाइन घेते, धातूची बॉडी, आणि खारी हवा रोज एक जॉइंट खाते. हे मला आधी सुचलं नाही.

काकांनी ट्रेलरला हातच लावला नाही आधी. सरळ व्हरांड्यात गेले, मेन बंद केली, सॉकेट खोलला आणि मला बोलावून दाखवला. अर्थच्या पिनेवरून बोटभर लांबीचा वायरचा तुकडा न्यूट्रलच्या स्क्रूला वळवून बसवलेला. सॉकेटच्या मागची खरी अर्थची वायर भिंतीत कुठेतरी कधीच तुटलेली, नुसती हिरवी दिसायला. काका म्हणाले, "बाबा रे, ही अर्थिंग न्हय, हो फकत पाचवो दोरो." पाचवो म्हणजे हिरवा, नुसता हिरवा दोरा! मग बसून समजावलं, आणि ते मी जमेल तसं लिहितो कारण हीच या रिव्ह्यूमधली कामाची गोष्ट आहे.

मुंग्या का आल्या? या नव्या कन्व्हर्टरच्या आत फिल्टरचे बारके कपॅसिटर असतात, फेजपासून डबीला आणि न्यूट्रलपासून डबीला. डबी अर्थ असली की त्यातून गळणारा किंचितसा करंट जमिनीत निघून जातो. अर्थ नसेल तर डबी दोघांच्या मध्ये लोंबकळते, २३० च्या अर्ध्यावर, म्हणून माझे ते ११२. करंट इतका थोडा की माणूस मरत नाही. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं, यंत्र उलट सांगत होतं की अर्थ नाही. भाऊने सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं. न्यूट्रलला जोडल्यावर पत्रा न्यूट्रलच्या व्होल्टेजवर आला, टेस्टर विझला. पण उद्या वाऱ्यापावसात माडाचं एखादं चुडत लाइनवर पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला, आणि पेडणे तालुक्यात हे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे होतंच, तर घरातल्या दिव्या-पंख्यांतून फिरून आलेली फेज त्या बोटभर तुकड्यातून अख्ख्या ट्रेलरच्या पत्र्यावर. तेव्हा मुंग्या नसत्या आल्या. आमच्या घरात तेव्हा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळायला लागला की लाइन तोडणारा खटका, तो सुद्धा नव्हता, आजोबांच्या वेळचे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, त्यामुळे कुणी ट्रिप होऊन ओरडलंही नसतं.

अर्थ हा शब्दच मुळात गोंधळाचा. गाडीचा इलेक्ट्रिशियन अर्थ म्हणतो तेव्हा त्याला बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडायचा असतो. घराचा वायरमन अर्थ म्हणतो तेव्हा त्याला जमिनीतला खड्डा दिसतो. आणि कन्व्हर्टरचं मॅन्युअल बाँड म्हणतं तेव्हा ते तिसरंच काहीतरी, डबी आणि चेसिस एकमेकांना घट्ट बांधणं. ट्रेलरात या तिन्ही गोष्टी लागतात. फक्त न्यूट्रल तेवढा त्यांच्यापासून लांब ठेवायचा, पॅनलमध्ये त्याची पट्टी वेगळी, अर्थची वेगळी, ट्रेलरच्या आत दोघांची भेट होता कामा नये. त्यांची गाठ पडायची ती लाइन येते तिकडे, ट्रान्सफॉर्मरकडे. अमेरिकन नियमही तेच सांगतो, त्यांच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये ५५१ नंबरचं अख्खं प्रकरण अशा गाड्यांवर आहे.

आणि ती कापून खिशात घातलेली तार जास्तीची का नव्हती, तर समजा कन्व्हर्टरच्या आत बारा व्होल्टची पॉझिटिव्ह सुटून डबीला टेकली. बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो ॲम्पियर ओतते, आणि डबीवरून निगेटिव्हकडे परत जायला वाट एकच उरते, प्लगमधली ती बारकी हिरवी वायर. ती तेवढा करंट झेलायला बनवलेलीच नाही, ती प्लायवूडच्या आत लाल होऊन जळणार, फ्यूज उडायच्या आधी. जाड तार असली की करंट तिच्यातून सुखाने जातो आणि फ्यूज उडतो. त्या कोडमध्ये या तारेला कमीत कमी ८ गेज तांबं सांगितलंय, म्हणजे साधारण ८.४ स्क्वेअर एमएम, आपल्या बाजारात त्याच्या वरचा साइज १० चा मिळतो, तोच घेतला.

लग ते चेसिस जेमतेम दोन फूट वायर, पण काकांनी तिच्यावर तासभर घालवला आणि मी बाजूला बसून बघत राहिलो. ट्रेलरखाली गोणपाट टाकून पाठीवर सरकले. लोखंडी चेसिसवर एक जागा निवडली, पत्र्यावर नाही, ॲल्युमिनियमला तांबं थेट टेकवलं की आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी होते म्हणाले. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढा भाग घासला, रंग गेला, गंज गेला, खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. ड्रिलने आरपार भोक, स्टीलचा बोल्ट, टिन केलेला लग क्रिंप करून, दातेरी वॉशर आणि मागून नट. पत्र्याचा स्क्रू मारू का विचारलं तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गप्प. सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा थर. बॅटरीच्या निगेटिव्हला शेजारी वेगळा बोल्ट, एकाच बोल्टवर दोघांना बसवलं नाही, एक काढताना दुसरा सैल होतो म्हणून. तो वायरचा तुकडा हाताने ओढून बघितला, मग मला ओढायला लावला.

एसीच्या बाजूच्या काळ्या-पांढऱ्या सरळ केल्या आणि दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळली, फेजवर लाल, न्यूट्रलवर काळी, म्हणजे पुढचा माणूस फसायला नको. ट्रेलरच्या तोंडाशी फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एमसीबी (ब्रेकर) आणि ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी. जुनी अमेरिकन वायर ठेवली, ती ६०० व्होल्टची होती आणि नशिबाने तांब्याची. १२० चे सॉकेट सगळे काढून आपले तीन पिनी बसवले.

राहिला खड्डा. घराचा जुना अर्थिंगचा खड्डा कोळसा-मिठाचा, त्यातली जीआय पट्टी बोटाने मोडली. मी शहाणपणा करून म्हटलं, ट्रेलरजवळच एक रॉड ठोकूया, घरापासून वायर ओढायला नको. काकांनी तिथेच चिऱ्यावर खडूने हिशोब मांडला. आपली जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात सुकली की रॉडचा रेझिस्टन्स समज ५० ओहम. २३० भागिले ५०, ४.६ ॲम्पियर. १६ चा एमसीबी ४.६ ला ढुंकूनही बघत नाही, पत्रा जिवंतच राहतो. म्हणून घरातून तीन कोरची केबल, आरसीसीबी पाहिजेच, आणि घराला नि ट्रेलरला मिळून एकच नवा अर्थ. दहा फुटांचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती, आणि जागा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, म्हणजे मे महिन्यातही ओलावा. जांभा फोडायला दोन माणसं आणि अख्खा दिवस गेला, त्याची मजुरी वायरिंगपेक्षा जास्त झाली.

शेवटी मीटर ओहमवर टाकून प्रत्येक धातूला हात. प्लगची अर्थ पिन ते चेसिस, ते पत्रा, ते सिंक, ते गॅसची पाइप, ते कन्व्हर्टरची डबी. सगळीकडे अर्धा ओहमच्या आत. सिंक फक्त तीन दाखवत होतं, तिथे खालून एक छोटी वायर टाकली. खड्ड्याचा रेझिस्टन्स साध्या मीटरने कळत नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो, तो काकांनी पुढच्या रविवारी कुणाकडून तरी मागून आणला आणि आकडा बघून नुसती मान हलवली, चांगल्या अर्थाने.

खर्च : कन्व्हर्टर साडेसोळा हजार, काकांची दोन रविवारची मजुरी अडीच हजार (मी जास्त देत होतो, घेतले नाहीत, जाताना दोन फणस मात्र नेले), वायर, आरसीसीबी, रॉड, केबल आणि मजूर धरून अजून अकरा. पहिल्या वायरमनला दिलेले पैसे यात धरले नाहीत, ते दान.

मॅन्युअलवाल्यांना मी मेल केली होती, की त्या लगाबद्दल निदान अर्धं पान लिहा, आणि आपल्याकडे काळी वायर म्हणजे काय समजतात ते ठळक अक्षरांत छापा. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, कृपया वॉरंटी कार्ड भरून पाठवा.

चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं, ट्रेलरमध्ये सहा पोरं झोपलेली, बाहेर धो धो, आणि रात्री दोनला आरसीसीबी पडला. टॉर्च घेऊन गेलो. भाच्याने मोबाइलचा चार्जर ओल्या टॉवेलवर ठेवला होता. चार्जर काढला, खटका वर केला, दिवे आले. कुत्रा पायरीखाली झोपला होता, त्याने एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला.

काकांना बोलवायचं असेल तर ऑगस्टनंतर बघा. जून-जुलैत फोन उचलत नाहीत, आणि उचलला तर मागून ग्राइंडरचा आवाज एवढा असतो की काही ऐकू येत नाही.